म्हात्रे सिस्टर आणि माझी मंजूर झालेली तक्रार

म्हात्रे सिस्टरांना राग आला की त्या हात धुवायच्या. आधी एक शब्द बोलायच्या नाहीत. वळायच्या, कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ सोडायच्या, साबण घ्यायच्या आणि बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट असं सगळं सावकाश चोळायच्या. ज्याच्यावर राग आलेला असे तो माणूस त्या पाठीकडे बघत उभा. मग नळ बंद व्हायचा, हात पुसले जायचे, आणि तोंड फिरवून त्या जे बोलायच्या ते चार-पाच शब्दांचंच असायचं. पण ते चार-पाच शब्द माणूस घरी घेऊन जायचा. मी त्यांना निदान पाच-सहा वेळा हात धुताना पाहिलं असेल. त्यातल्या निम्म्या वेळा कारण मीच होतो.

पहिल्यांदा धुतले ते आमच्या पहिल्याच भेटीत. शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला, डाव्या बाजूचा स्तनाचा कर्करोग निघाला होता. ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि केमो सुरू व्हायच्या आधी डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी म्हात्रे सिस्टरांना भेटून या." पहिल्या मजल्यावर लिफ्टला लागून एक खोली होती. पूर्वी तिथे धुतलेल्या चादरी ठेवत. आत टेबल, तीन खुर्च्या, एक हिरवा पडदा, ते बेसिन, आणि टेबलामागे पन्नाशी उलटलेल्या, बुटक्या, सावळ्या, नाकात चमकी घातलेल्या सिस्टर.

"नाव?" त्यांनी शैलाकडे बघून विचारलं.

"सौ. शैलजा सामंत," मी म्हणालो.

"वय?"

"बावन्न पूर्ण. मार्गशीर्षात त्रेपन्न होतील," मी.

"रात्री झोप लागते का, ताई?"

"तशी लागते हो, पण पहाटे जरा तीन-साडेतीनला..." मीच.

सिस्टर उठल्या. हात धुतले. पुसले.

"छाती कुणाची कापली?"

"हिची," मी म्हणालो.

"मग तुम्ही बाहेर बसा."

"अहो सिस्टर, मी नवरा आहे तिचा!"

"ते कळलं. म्हणूनच."

बाहेर लोखंडी बाक होता आणि त्याच्यावर आधीच दोन नवरे बसलेले होते. विठ्ठलवाडीचे एक फर्निचरवाले पाटील सरकून मला जागा देत म्हणाले, "कितव्या प्रश्नावर आउट?"

"तिसऱ्या," मी म्हणालो.

"चांगलं खेळलात. मी पहिल्याच बॉलला गेलो. नाव तिचं विचारलं, मी माझं सांगितलं."

तो बाक म्हणजे एक मंडळच झालं होतं. दर गुरुवारी आम्ही हाकललेले नवरे, भाऊ, दीर तिथे बसून सिस्टरांच्या नावाने बोटं मोडायचो. सिस्टरांचा नियम एकच होता. बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याने दिलं की तो बाहेर, आणि परत आत यायचं ते बाईने स्वतः बोलावलं तरच. पाटलांना त्यांच्या मिसेसने दुसऱ्या गुरुवारी बोलावलं. ते आत जाताना माझ्याकडे बघून असे हसले की जसं काही त्यांना बढती मिळाली. मला पहिल्या गुरुवारी बोलावलं नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्या नाही.

आत काय चालायचं ते मला फार पुढे शैलाकडून समजलं. सिस्टर प्रत्येकीच्या दोन्ही हातांची मापं टेपने घ्यायच्या, ठरावीक पाच जागांवर, आणि कार्डावर लिहायच्या. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज धरू शकते, ती डोळ्यांना दिसायच्या आधी टेपला समजते, म्हणून. ऑपरेशननंतर अंगातून बाहेर काढलेली नळी आणि तिची बाटली साडीखाली कशी बाळगायची, त्याची कापडी पिशवी त्या स्वतः शिवून द्यायच्या. तोंड आलं असेल तर कशाच्या गुळण्या, जेवण जात नसेल तर काय खायचं, नवऱ्याला अंगाला हात लावू द्यावासा वाटत नसेल तर ते त्याला कुठल्या शब्दांत सांगायचं, इथपर्यंत. बायका रडायच्या. त्यावरही सिस्टरांचं ठरलेलं वाक्य होतं. "रडा की. पण हात उशीवर उंच ठेवून रडा, सूज उतरेल."

नातेवाइकांसाठी वेगळं वाक्य होतं. कुणी आत येऊन 'आम्ही तिला खूप धीर देतो हो' म्हणालं की त्या म्हणायच्या, "धीर नका देऊ, पाणी द्या. दिवसाला बारा पेले. धीर तिच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आहे." एका बाईच्या दिराने पपईच्या पानांचा रस आणला होता, केमोऐवजी देऊ म्हणून. त्याच्यासाठी हात धुतल्यावर सिस्टर नेहमीच्या भाषेत बोललेल्याच नाहीत. त्या मूळच्या कोपरीच्या, वडील मिठागरावर. राग फार वर गेला की घरची बोली बाहेर यायची. "मना नको शिकवू," एवढंच म्हणाल्या. दीर बाटली तिथेच विसरून गेला.

आणि हे असं फक्त आम्हा बापड्यांशीच नव्हतं. एकदा मी बाकावर असताना एक मोठे डॉक्टर आले, शेजारच्या माणसाला 'मिस्टर, इकडे या जरा' म्हणून बाजूला घेऊन हळू आवाजात रिपोर्टबद्दल सांगायला लागले. खोलीचं दार उघडलं. सिस्टर दारात. "डॉक्टर, बाई आत आहे. कान तिला दोन आहेत आणि रिपोर्ट तिचा आहे." डॉक्टरांचा चेहरा असा झाला की जशी काही भर सभेत कुणी त्यांची बटणं मोजली. ते गेले आत. पण तो चेहरा मी बघितला होता. या बाईला वर कुणी वाली नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं. आणि या ज्ञानाचा मी काय उपयोग केला ते आता सांगतो.

मी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा गेली चौदा वर्षं सेक्रेटरी आहे. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा माणूस कल्याण-डोंबिवलीत सापडणार नाही. आमच्या गेटसमोरच्या खड्ड्यावर मी एकवीस अर्ज केलेत. पाण्याच्या दाबावर केलेत, रस्त्यावरच्या दिव्यांवर केलेत, पहाटे पाचला घंटा बडवणाऱ्या शेजारच्या इमारतीवर केलेत. विषय, संदर्भ, महोदय, सविनय, खाली पाच जणांना प्रती. या चौदा वर्षांत माझा एकही अर्ज मंजूर झालेला नाही. खड्ड्याला आता आमच्यात नाव आहे.

सहाव्या गुरुवारी शैला त्या खोलीतून बाहेर आली ती हसत. डोळे सुजलेले, म्हणजे आधी रडली होती, आणि तरी हसत होती. मी विचारलं, "काय झालं आत?"

"काही नाही."

"इतका वेळ काही नाही?"

"अहो, बायकांचं बोलणं."

सव्वीस वर्षांच्या संसारात बायको माझ्यासमोर अशी हसली नव्हती, आणि त्या चादरींच्या खोलीत हसली! घरी आलो, टेबलावर बसलो, आणि लिहिलं. 'विषय: परिचारिकेच्या उद्दाम वर्तनाबाबत. महोदय, सदर परिचारिका रुग्णाच्या कायदेशीर पतीस रुग्णापासून विलग करून, बंद दाराआड रुग्णाच्या मनात कुटुंबाविषयी किंतु निर्माण करीत असून...' दीड पान. त्या 'किंतु'वर मी स्वतःच खूश झालो होतो. व्यवस्थापकांना मूळ, इतर पाच जणांना प्रती. शैलाला सांगितलं नाही.

माझा एकवीस अर्जांचा खड्डा आजही तिथेच आहे. हा अर्ज आठ दिवसांत मंजूर झाला.

पुढच्या गुरुवारी लिफ्टजवळच्या खोलीला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, "बंद झालं ते. सिस्टरना वर टाकलंय, चौथ्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात." शैला त्या कुलपाकडे बघत राहिली. बाजूला अजून पाच-सहा जणी उभ्या होत्या. त्यांतली एक डोक्याला रुमाल बांधलेली बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "आता कुणाला विचारायचं हो, दादा?" मी, ज्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येतं, तो लिफ्टचा आकडा बघत उभा राहिलो. आतून सांगायचं तर थोडा आनंदही झाला होता. खोटं कशाला बोलू. आयुष्यातला पहिला मंजूर अर्ज होता.

केमो संपली. दोन-अडीच महिने गेले. हाताची मापं कुणी घेतली नाहीत, कारण ती घेणं कुणाचंच काम उरलं नव्हतं. डॉक्टर विचारायचे, "हात कसा आहे?" आणि मी सांगायचो, "उत्तम!"

मग कल्याणला माझ्या बहिणीच्या, वंदनाच्या, मुलीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी घरात कासारीण बसली. सगळ्या सवाष्णी ओळीने हिरवा चुडा भरायला. शैलाची पाळी आली तेव्हा तिने उजवा हात पुढे केला आणि म्हणाली, "डाव्यात नको. सिस्टर म्हणाल्या होत्या, या हाताला घट्ट काही नको, खरचटायला नको."

वंदना म्हणाली, "अगं वहिनी, एका हातात चुडा? लग्नघरात? एवढं मोठं दुखणं संपवून आलीस, दोन्ही हात भरून दिसू देत की आम्हाला!" वंदनाच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. सगळ्या जणी प्रेमाने म्हणत होत्या. कासारणीने हातातल्या बांगड्या तशाच धरून विचारलं, "भरू का?"

"भर गं, काही होत नाही," असं कोण म्हणालं असेल?

मी.

कासारणीने शैलाचा डावा हात दाबून, चोळून, अंगठ्याचं हाड आत मुडपून अंगासरशी बसणाऱ्या बारा बांगड्या चढवल्या. त्यातली एक चढतानाच वाढवली. आमच्यात सवाष्णीची बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मनगटावर केसाएवढा ओरखडा उठला. तिने त्यावर हळद लावली. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी शैला म्हणाली, हात जड वाटतोय. मी म्हणालो, दमली असशील. तिसऱ्या दिवशी सकाळी तो हात कोपरापर्यंत लालबुंद, तट्ट फुगलेला, बांगड्या मांसात रुतलेल्या, आणि शैला थंडीने कुडकुडत होती.

वंदना आणि मी तिला घेऊन हॉस्पिटलात पोचलो. तरुण डॉक्टरने सलाइन, इंजेक्शनं सगळं सुरू केलं. शैला दात वाजत असताना एकच सांगत होती, "म्हात्रे सिस्टरना बोलवा." मी चौथ्या मजल्यावर गेलो. सिस्टर एका म्हाताऱ्याचं ड्रेसिंग करत होत्या. मी म्हणालो, "सिस्टर, शैलाचा हात..." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलंही नाही. हातातलं काम दुसरीला दिलं आणि जिन्याने खाली. लिफ्टची वाटही बघितली नाही.

हात बघितला. धुतले स्वतःचे हात, पण या वेळी भरभर. मग बांगडीखाली ओल्या गॉजची घडी सरकवायला लागल्या.

"अहो सिस्टर!" वंदना कळवळली. "सवाष्णीच्या हातातला चुडा आहे तो. अजून हळद नाही उतरली लग्नाची. तेल-साबण लावून निघतात का बघा ना."

"निघणार नाहीत. सगळ्या वाढवायच्या."

"अपशकुन होतो हो!"

"मना अपशकुन नको दाखवू. तिचा हात धर, हलू देऊ नको." मग थोड्या खालच्या आवाजात, नेहमीच्या भाषेत, "ताई, बांगड्या बाजारात मिळतात. हाताचं दुकान कुठं आहे सांगा, मी पण येते."

एकेक करून त्यांनी पकडीने त्या दाबून तोडल्या. प्रत्येक कटकन आवाजाला वंदना डोळे मिटत होती आणि शैला उघडे ठेवून बघत होती. काचेचा एक कणही कातड्याला लागला नाही. शेवटची निघाली तेव्हा मनगटावर खोल हिरवट-लाल वळ होते. सिस्टरांनी टेप काढला. माप घेतलं. खिशातल्या गठ्ठ्यातून शैलाचं जुनं कार्ड काढलं. हो, ती कार्डं त्यांनी ऑफिसात जमा केली नव्हती, सगळी स्वतःजवळ ठेवली होती. त्यातल्या शेवटच्या मापाच्या तारखेवर त्यांनी बोट ठेवलं.

शैलाने विचारलं, "सिस्टर, खोली का बंद केली हो त्यांनी? कुणीच सांगत नाही."

"ते सामंतसाहेब सांगतील," सिस्टर म्हणाल्या आणि वर गेल्या.

हे मी कधीच विसरणार नाही. बाईने चुगली केली नाही. मला माझ्या तोंडाने सांगायला लावलं. मी सांगितलं. शैला शिकवण्या घेते, गणिताच्या. तिने रडारड केली नाही, हिशोबी प्रश्न विचारले. तारीख कोणती, किती पानं, प्रती कुणाकुणाला. मग म्हणाली, "मी त्या खोलीत काय सांगायचे, माहितेय? मला मरायची भीती वाटते, एवढंच. दर वेळी तेवढंच. त्या ऐकायच्या. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही भाषण केलं असतं."

अँटिबायोटिक्सनी ताप उतरला, हात पूर्वीसारखा झाला नाही. आजही ती घट्ट बाही घालते आणि तीन तासांच्या वर फळ्यावर लिहू शकत नाही.

मी व्यवस्थापकांकडे गेलो. तिशीतला गोड माणूस. मी म्हणालो, माझी तक्रार मागे घ्यायचीय.

"सर, तक्रार मागे घेण्याची आमच्याकडे तरतूद नाही. तक्रारी आम्ही फार सीरियसली घेतो."

"ते बघितलं मी. आणि कौतुक करायचं असेल तर?"

"त्याचा वेगळा फॉर्म आहे. तो आम्ही फाइल करतो." मग मनापासून म्हणाला, "सर, तुमचं मराठी काय सुंदर आहे! ते 'किंतु' मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं."

तुम्ही कधी स्वतःच्या सुंदर मराठीला शिव्या दिल्यात? मी दिल्या, पार्किंगमध्ये उभं राहून, मोठ्याने. खोली तोवर राहिलीच नव्हती. तिथे सोफे आले होते, कॉफीचं मशीन आलं होतं, काचेवर 'संपूर्ण आरोग्य तपासणी' असं लिहिलं होतं. जे ठणठणीत आहेत त्यांना बसायला मऊ जागा हवी ना! मी अर्जांमागून अर्ज केले. सतरा. विषय, संदर्भ, सविनय, नंतर नंतर सविनयही काढून टाकलं. एकाचंही उत्तर आलं नाही. बाईला उठवायला एक पुरला, बसवायला सतरा पुरले नाहीत. या देशात कुठल्या कागदाला वजन येतं आणि कुठल्याला नाही, हे मला आता कुणी शिकवू नये.

अर्ज न करता काम केलं ते शैलाने. तिने सिस्टरांना फोन केला. "गुरुवारी तुमची ड्युटी दोनला सुटते. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्याच्या टप्प्यावर बसते. तिथून कुणी जात नाही, सगळे लिफ्टने जातात. तुम्ही आलात तर आलात." पहिल्या गुरुवारी दोघी होत्या. महिन्याभरात पायऱ्यांवर वरपर्यंत बायका. सिस्टर टप्प्यावर प्लास्टिकच्या स्टुलावर, मांडीवर कार्डं, गळ्यात टेप. पडदा म्हणून शैलाने घरची चादर नेली होती, ती धरायला दोन बायका आलटून पालटून उभ्या राहायच्या.

मी एकदा तिथे गेलो, हातात नवा अर्ज. 'निदान जिन्यात पंखा व दिवा मिळणेबाबत'. सिस्टरांनी तो वाचला, घडी घालून परत दिला.

"सामंतसाहेब, तुम्ही आता एकही अर्ज करायचा नाही. खोलीतनं उठवलंत, जिन्यातनं पण उठवाल."

बायका हसल्या. शैला सगळ्यांत जोरात.

मी म्हणालो, "सिस्टर, मी चुकलो. मला माफ करा."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. असं सहज, जसं कुणी चहा विचारला आणि नको म्हटलं. मग कार्डांच्या गठ्ठ्यातून सात कार्डं वेगळी काढली. "या सात जणी. खोली बंद झाल्यापासनं आल्या नाहीत. फोन लागत नाहीत, लागले तर नवरे उचलतात आणि 'ठीक आहे' म्हणतात. मला ड्युटी आहे. तुम्हाला दारात उभं राहायची सवय आहे ना? जा. आणि नवऱ्याला विचारायचं नाही, बाईला बघून यायचं."

मी गेलो. पहिली बाई कोपरीतच, सिस्टरांच्या घरापासून चार गल्ल्यांवर. बरी होती. तिला वाटलं होतं, सिस्टरच सोडून गेल्या. दुसरी डोंबिवलीची, हात सुजलेला, मुलगी म्हणाली, 'आम्हाला वाटलं असंच असतं.' दोघींना मी जिन्याचा पत्ता दिला.

तिसरं कार्ड मोहन्याचं होतं. नाव रंजना. मापांच्या जागा कोऱ्या होत्या; डॉक्टरांनी पाठवलेल्या यादीवरून सिस्टरांनी नुसतं नाव-पत्ता आधीच लिहून ठेवला होता. जुन्या कारखान्याच्या वस्तीतलं बैठं घर. दार उघडलं तिच्या नवऱ्याने, साठीचा, बनियनवर. मागे भिंतीवर फोटो होता, त्याला हार. तरी मी सवयीने विचारून टाकलं, "रंजनाताई आहेत का?"

आतून मुलगी आली. तिने सांगितलं. आईची पहिली केमो झाली आणि दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. डॉक्टरांनी सिस्टरांना भेटा म्हटलं होतं, म्हणून ती गेली. लिफ्टजवळ कुलूप होतं. पुढच्या गुरुवारी परत गेली. वॉचमन म्हणाला, बंद झालं. "मग म्हणाली, कशाला एवढ्या लांब हेलपाटा. दोन दिवसांनी ताप आला. आम्ही क्रोसिन दिली, मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. चार दिवस ठेवल्या. आम्हाला काय माहीत, केमोनंतरचा ताप वेगळा असतो म्हणून."

सिस्टरांचा पहिल्या दिवसाचा पहिला धडाच तो होता, हे शैलाने मला सांगितलेलं. पुढचं काही बोलायच्या आधी त्या प्रत्येकीकडून वदवून घ्यायच्या. ताप शंभरच्या वर गेला की देवाआधी मला फोन, रात्रीचे कितीही वाजोत. रंजनाताईंकडून वदवून घ्यायचं राहिलं.

नवऱ्याने विचारलं, "तुम्ही हॉस्पिटलकडून आलात का?"

मी आयुष्यभर लोकांच्या दारात उभं राहून बोलत आलोय. इथे मला सुरुवात सापडेना. विषय सापडेना, संदर्भ सापडेना. मग म्हणालो, "नाही. ती खोली बंद झाली ती माझ्या पत्रामुळे. मी लिहिलं होतं ते."

 त्याला किती समजलं, मला माहीत नाही. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. तो मुलीला म्हणाला, "चहा टाक गं."

पुढच्या गुरुवारी मी जिन्यात गेलो. सिस्टर एका बाईचं माप घेत होत्या. मी जवळ जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी टेप गुंडाळला. रंजनाताईंचं कार्ड माझ्या हातून घेतलं, त्यावर काही लिहिलं नाही, नुसतं धरून बसल्या. ती खोली चालू असती तर ही बाई वाचली असती असं त्या म्हणाल्या नाहीत. तसं त्यांना माहीतही नव्हतं, आणि माहीत नसलेलं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"नवऱ्याला खरं सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"चहा दिला."

"प्यायलात?"

"हो."

सिस्टरांनी ते कार्ड गठ्ठ्यात न ठेवता पर्समध्ये ठेवलं. नंतर त्या निवृत्त झाल्या तेव्हाही ते तिथेच होतं, मी बघितलं. मग माझ्या हातातल्या उरलेल्या चार कार्डांकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "उभे काय राहिलात? पुढचं नाव वाचा."